बस्ता कुठं बांधायचा?

मागच्या महिन्यात चुलत भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सुपारी फुटली त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर वाद सुरू, बस्ता कुठं बांधायचा. काका म्हणाले सोलापूर, वहिनीला पुण्याचा लक्ष्मी रोडच पाहिजे, आणि आमची आई एकटी म्हणत होती की बार्शीत काय वाईट मिळतं, माझा बस्ता तिथंच बांधला होता ना. आईचा बार्शीला, ताईचा सोलापूरला आणि आता ही पोरगी पुणे म्हणतीये. मी पडलो भूगोलात एमए केलेला माणूस (नोकरी बँकेत करतो ते सोडा), त्यामुळं मला लग्नापेक्षा या भांडणातच जास्त इंटरेस्ट यायला लागला, कारण शहरं केवढी असतात, एकमेकांपासून किती लांब असतात आणि कुणाचा वट कुठपर्यंत चालतो यावर भूगोलवाल्यांनी शंभर वर्षं जे डोकं चालवलंय ते सगळं या एका बस्त्यात गाठोडं बांधून ठेवल्यासारखं आहे.

आमचं गाव बार्शी तालुक्यात, छोटंसं. गावात काय मिळतं तर साखर, चहापत्ती, बिस्किटं, रिचार्ज, पिठाची गिरणी आणि एक न्हावी, संपलं. भाजी शेजारच्या मोठ्या गावच्या बाजारात, कपडे-भांडी-बियाणं बार्शीला, जिल्ह्याची कामं सोलापूरला, पोरं शिकायला पुण्याला. ही शिडी कुणी ठरवून दिलेली नाही पण आजूबाजूच्या कुठल्याही गावात विचारा, पायऱ्या त्याच. आता यात दोनच गोष्टी आहेत बघा. एक म्हणजे दुकान चालायला किमान किती गिऱ्हाईक लागतं. न्हाव्याचं हजार-दोन हजार माणसांत भागतं, सोनाराचं नाही भागत, कारण केस महिन्याला वाढतात आणि सोनं माणूस आयुष्यात चार वेळा घेतो. आणि दुसरी म्हणजे त्या वस्तूसाठी माणूस किती लांब जायला तयार आहे. मिठाच्या पुड्यासाठी कुणी एसटी पकडत नाही, शालूसाठी मात्र सगळं घर गाडी करून जातं.

एवढ्याच दोन गोष्टींवर वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन माणसानं १९३३ मध्ये अख्खा सिद्धांत उभा केला, दक्षिण जर्मनीतली गावं-शहरं घेऊन. आपल्याकडं पुस्तकात मध्यवर्ती स्थान सिद्धांत म्हणून येतो आणि पोरं षटकोन पाठ करून पेपरात काढून येतात, मीही तेच केलं होतं, का षटकोन ते कुणी विचारलं नाही नि मीही नाही. तर कारण साधं आहे. सपाट माळ आहे, लोकवस्ती सगळीकडं सारखी, माणूस जवळच्याच गावाला जातो असं धरा. मग प्रत्येक बाजारगावाभोवती गोल काढले तर मधे मोकळ्या जागा उरतात, नाहीतर गोल एकमेकांवर चढतात. चढलेला भाग दोघांत वाटून टाकला की गोलाचा षटकोन होतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा. आणि छोटी गावं मोठ्या गावांच्या षटकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात.

हे मी दिवाळीत आईला कागदावर काढून दाखवत होतो. तिनं बघून विचारलं, गोधडी शिवायचीय का? मग म्हणाली यात आपलं गाव कुठंय. मी एका कोपऱ्यावर टिंब काढलं, जिथं तीन षटकोन भेटतात तिथं. म्हटलं आपली एक तृतीयांश माणसं या बाजारगावाला जातात, एक तृतीयांश त्या, एक तृतीयांश तिसऱ्या. मोठ्या गावाला स्वतःचं पूर्ण गिऱ्हाईक आणि भोवतालच्या सहा गावांचा तिसरा तिसरा हिस्सा, म्हणजे एक अधिक दोन, तीन. क्रिस्टालरचा प्रसिद्ध तीनचा आकडा, म्हणजे एका बाजारगावाच्या वाट्याला तीन गावांचं गिऱ्हाईक, येतो तो इथून. आई म्हणाली आपल्याकडं तर निम्मं गाव सोयऱ्यांकडं जाणं होतं म्हणून लांबच्याच बाजाराला जातं. आता याला काय उत्तर देणार, क्रिस्टालरच्या माळावर सोयरेच नाहीत.

त्याचे अंतराचे आकडे मात्र गंमतशीर आहेत. सगळ्यात छोटी बाजारगावं एकमेकांपासून ७ किलोमीटरवर, म्हणजे कुठूनही तासाभरात चालत पोचता यावं असं. त्याच्या वरच्या पायरीची १२ वर, मग २१, ३६, ६२, १०८ आणि सगळ्यात वरची १८६ किलोमीटरवर. दर पायरीला अंतर साधारण पावणेदोन पट. बार्शी ते कुर्डुवाडी साधारण ३५, बार्शी ते सोलापूर सत्तरच्या आसपास. जर्मनीतला हिशोब आपल्या बालाघाट डोंगररांगेच्या कडेला इतका जवळपास जुळावा हे बघून मी कॉलेजात येडा झालो होतो, नंतर कळलं की सोयीची गावं निवडली की काहीही जुळतं. आणखी एक कळलं ते पुस्तकात नव्हतं, हा क्रिस्टालर १९४० मध्ये नाझी पक्षात गेला आणि पोलंडची माणसं हाकलून तिथं नवीन गावं कशी मांडायची याच्या आराखड्यांवर त्यानं काम केलं. रिकामा सपाट माळ कागदावर धरायचा असतो, यांनी तो माणसं काढून करायला घेतला. युद्धानंतर हाच गडी कम्युनिस्ट पक्षात. असो.

आपल्याकडची खरी अक्कल मला विचाराल तर आठवडी बाजारात आहे. एका गावात बांगड्यांचं दुकान रोज चालत नाही, तेवढं गिऱ्हाईकच नसतं. मग बांगडीवाला सोमवारी एका गावाला, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. सहा-सात गावांचं गिऱ्हाईक गोळा करून त्याचं एक दुकान होतं, फक्त दुकानाला चाकं असतात. आणि शेजारच्या दोन गावांचे बाजार सहसा एका वारी येत नाहीत. विल्यम स्किनर नावाच्या अमेरिकन संशोधकानं साठच्या दशकात चीनच्या सिचुआनमधल्या बाजारांचा असाच अभ्यास मांडला, तिथं आठवड्याऐवजी दहा दिवसांचं चक्र असायचं. त्याचं म्हणणं असं की खेडुताचं खरं जग त्याचं गाव नसतं, त्याचा बाजार असतो, तिथंच सोयरिकी जुळतात, तिथंच बातम्या कळतात. आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते यात नवीन काय. आपल्याकडं त्याला शब्दच आहे की पंचक्रोशी. पाच कोस, म्हणजे सकाळी निघून बाजार करून दिवस मावळायच्या आत बैलगाडी घरी. 'पंचक्रोशीत नाव आहे' म्हणतो तेव्हा आपण प्रभावक्षेत्रच, म्हणजे वट कुठपर्यंत चालतो तेच, मोजत असतो.

आता जिथं सिद्धांत लंगडतो तिथं येऊ, मला हाच भाग जास्त आवडतो. २०११ च्या जनगणनेत बार्शी १ लाख १८ हजारांच्या पुढं आणि शेजारचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण, १ लाख १२ हजारांच्या आसपास. तालुका मोठा आणि जिल्हा छोटा! कलेक्टर तिकडं, गिऱ्हाईक इकडं. हे षटकोनातून निघत नाही, त्याला इतिहासच बघायला लागतो. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि पलीकडं निजामाचं राज्य, म्हणजे हे सीमेवरचं गाव, मराठवाड्याचा माल इथं उतरायचा. त्यात १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी ही २१ मैलांची छोटी रेल्वे झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रूळ. माल इथंच गोळा व्हायचा, इथंच आडत, इथंच पेढ्या. 'बार्शी तिथं सरशी' उगाच म्हणत नाहीत. मग १९११ मध्ये तीच लाइन लातूरला गेली, धाराशिव शहराला बाजूला ठेवून, आणि तिथल्या लोकांना स्वतःची रेल्वे मिळायला ब्रॉडगेज होईपर्यंत, म्हणजे २००७-०८ पर्यंत वाट बघावी लागली. लातूरचं काय झालं ते आकडाच सांगतो, १९८२ मध्ये धाराशिवातून फुटून वेगळा जिल्हा झाला आणि २०११ ला शहर ३ लाख ८२ हजारांवर. मूळ जिल्ह्याच्या ठिकाणाच्या, म्हणजे धाराशिव शहराच्या, तिपटीहून जास्त. आणि बार्शीत आजही कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, शेजारच्या जिल्ह्यांतून पेशंट येतात, जे काम पुस्तकी शिडीप्रमाणं चार पायऱ्या वरच्या शहराचं.

परत बस्त्याकडं. विल्यम रायली या अमेरिकन माणसानं १९३१ मध्ये खरेदीसाठी न्यूटनचं गुरुत्वाकर्षण वापरलं, शहर जेवढं मोठं तेवढी ओढ जास्त, अंतर वाढलं की ओढ त्याच्या वर्गानं कमी. दोन शहरांच्या मधे एक जागा येते जिथं ओढ बरोबर सारखी. मी बसलो मोबाईलवर. २०११ च्या जनगणनेनं पुणे ५० लाख, सोलापूर साडेनऊ लाख, मधे अडीचशे किलोमीटर. उत्तर आलं सोलापूरपासून पंचाहत्तर-शहात्तर किलोमीटर. म्हणजे टेंभुर्णी, सोलापूर जिल्ह्यातलं गाव, हिशोबानं पुण्याच्या ओढीत जातं! सोलापूर-लातूरचं केलं तर तुळजापूर जिल्ह्यानं धाराशिवचं असून सोलापूरच्या ओढीत, आणि ते तर कुणीही सांगेल. आणि बार्शी? सोलापूर जिंकतं, पुणं दुसरं, लातूर बरंच मागं. मी ग्रुपवर विजयी सुरात टाकलं की शास्त्र काकांच्या बाजूनं आहे. वहिनीचा रिप्लाय, तुमच्या शास्त्रात लक्ष्मी रोडचे फोटो इन्स्टावर येतात का. मुद्दा बिनतोड आहे, ओढ आता किलोमीटरनं मोजायची राहिली नाही.

जाता जाता मुंबईचं, कारण त्याशिवाय महाराष्ट्राची गोष्ट पुरी होत नाही. शहरांचा एक नियम सांगतात, दुसऱ्या नंबरचं शहर पहिल्याच्या निम्मं, तिसरं एक तृतीयांश, चौथं पाव. फेलिक्स आउअरबाख या जर्मनानं १९१३ मध्येच हे बघितलं होतं, नाव मात्र नंतरच्या जॉर्ज झिफ या अमेरिकन भाषातज्ज्ञाचं झालं. उपनगरं धरून मुंबई २०११ ला १ कोटी ८४ लाख, मग पुणं ९२ लाख पाहिजे, आहे ५०. नागपूर ६१ पाहिजे, आहे २५. नाशिक ४६ पाहिजे, आहे साडेपंधरा. सगळेच निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली. एक शहर असं इतरांच्या मानानं फुगलं की मार्क जेफरसन या अमेरिकन भूगोलवाल्याच्या १९३९ च्या लेखापासून त्याला प्रधान नगर वगैरे म्हणतात. पण त्याच २०११ च्या आकड्यांनी अख्ख्या देशाचा हिशोब मांडा, मुंबई १८४ लाख, दिल्ली १६३, कोलकाता १४१, कुणीच एकटं राजा नाही. मुंबई कधीच फक्त महाराष्ट्राच्या मापाची नव्हती, बंदर होतं ते, कापूस आमच्याकडून जायचा पण गिऱ्हाईक इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बसलेलं.

बस्त्याचा निकाल परवा लागला. नवरीचा शालू आणि घागरा पुण्याला, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराचे कपडे सोलापूरला, आणि हळदीच्या दिवशी लागणारं बारीकसारीक, ज्याची यादी आईकडं आहे आणि रोज वाढतीये, ते बार्शीला. सोलापूरला शनिवारी जायचंय. काकांना विचारलं, एवढा सोलापूरचाच हट्ट का धरला होता, तर म्हणाले, अरे तिथं दुकानदार जेवायला घालतो.