कुंडीतील मातीला गट क्रमांक नसतो

माती तपासणीच्या अर्जातील गट क्रमांकाचा, म्हणजे शेतजमिनीच्या सरकारी नोंदीतील क्रमांकाचा, रकाना मी रिकामा ठेवला म्हणून माझा नमुना घेतला गेला नाही, आणि त्यानंतरच्या पाच आठवड्यांत गच्चीवरील अकरा संत्रा कलमांपैकी दोन कलमे माझ्या डोळ्यांदेखत वाळली. याला आता चार महिने झाले आहेत, तरी मनातील चीड ओसरलेली नाही. कुंडीत रोपे वाढवणाऱ्या इतरांचे तेवढे आठवडे वाया जाऊ नयेत, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली ही नागपुरी संत्र्याची कलमे फेब्रुवारीत आणली होती. कुंड्यांत निम्मी माती आमच्या शेतातील काळी, बाकी शेणखत आणि वरून दोन-दोन मुठी लाकडाची राख असे मिश्रण भरले. मार्चअखेर फुटलेली नवती, म्हणजे कोवळी पालवी, पिवळी निघाली. पिवळे पान म्हणजे नत्राची उणीव, एवढेच ठाऊक असल्यामुळे मी प्रथम थोडा युरिया दिला आणि दोन आठवड्यांनी मॅग्नेशियम सल्फेट दिले. दोन्हींचा काडीचाही उपयोग झाला नाही. पिवळेपणा झाडावर नेमका कोठून सुरू झाला, हे पाहण्याआधीच मी खताची पिशवी उघडली, ही माझी चूक होती. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवू शकते, त्यामुळे त्यांची उणीव आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह तसे हलत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याकडील कोवळ्या पानांवर दिसते. माझ्या कलमांची खालची पाने गडद हिरवी होती आणि शेंड्याकडील पानांत शिरांची हिरवी जाळी तेवढी उरून मधला भाग पिवळा पडला होता. उत्तर माझ्यासमोर होते, पण ते वाचण्याइतका धीर मी धरला नाही आणि मातीची तपासणी करून घेण्याचे ठरवले.

नागपुरात अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालयही त्याच रस्त्यावर आहे. या दोन्ही संस्थांशी माझ्या तक्रारीचा काहीही संबंध नाही. मी गेले ती प्रयोगशाळा वेगळी होती, आणि तिचे नाव लिहिण्याची मला गरज वाटत नाही. खिडकीवरील तरुणाने अर्ज पाहिला आणि सांगितले, "काकू, गट नंबर लिहा. त्याशिवाय नमुना घेता येत नाही." ही माती गच्चीवरील कुंड्यांतील आहे, असे मी सांगितले. त्यावर त्याने सातबाराची प्रत मागितली. गच्चीचा सातबारा नसतो, हे त्यालाही ठाऊक होते, परंतु अर्जाला ते ठाऊक नव्हते आणि अर्ज बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. क्षेत्र किती एकर, मागील हंगामातील पीक कोणते, सिंचनाची सोय कोणती, असे एकामागून एक रकाने होते, आणि कुंडी हा शब्द त्यांत कोठेही नव्हता.

दुसऱ्या खेपेस मी शेताचा सातबारा घेऊन गेले. माती मूळची तेथलीच असल्यामुळे त्यात असत्य काही नव्हते. तेव्हा नमुना अर्धा किलो हवा आणि तो सावलीत वाळवलेला हवा, असे कळले. माझी माती ओली होती. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती, तर बेचाळीस अंशांच्या उन्हातील एक फेरी वाचली असती. लहान रोपाच्या एका कुंडीतून अर्धा किलो माती काढणे म्हणजे मुळे उघडी पाडणे होय. म्हणून मी प्रत्येक कुंडीच्या कडेने थोडी थोडी माती काढली, ती एकत्र केली आणि दोन दिवस वर्तमानपत्रावर पसरून वाळवली. तिसऱ्या खेपेस नमुना स्वीकारला गेला. अहवाल दहा दिवसांत मिळेल असे सांगितले होते, त्याचे बावीस दिवस झाले. मध्ये दोनदा विचारायला गेले, तेव्हा एकदा यंत्र बंद होते आणि एकदा सही करणारे अधिकारी रजेवर होते. त्या बावीस दिवसांत दोन कलमांची नवती पांढुरकी होऊन कडेने करपली आणि मग शेंड्यापासून खाली काड्या वाळत गेल्या.

अखेर अहवाल हाती आला तेव्हा त्यात सामू (पीएच) ८.३, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद आणि पालाश एवढेच आकडे होते. लोहाचा रकाना कोरा होता. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यांत लोह आणि जस्तही येतात, असे मी वाचले होते. विचारल्यावर, सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी वेगळी, तिचे शुल्क वेगळे, असे उत्तर मिळाले. ते पहिल्या दिवशी सांगितले असते तर मी आनंदाने भरले असते. खतांची शिफारस हेक्टरी किलोमध्ये होती. बारा इंची कुंडीसाठी तिचे काय करावे, हे मला तेथे कोणीही सांगू शकले नाही.

कामाचा एकमेव प्रश्न मला निघताना विचारला गेला. आतील बाजूस नमुने चाळणारे एक वयस्क कर्मचारी बाहेर आले, माझ्या फोनमधील पानांचे छायाचित्र पाहिले आणि म्हणाले, "ताई, पाणी कोणतं देता जी? बोअरचं का? कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो का?" आमच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात पांढऱ्या, कडक होतात, आणि कुंड्यांच्या काठावरही तसाच थर बसतो. तो थर पाण्यातील बायकार्बोनेटमुळे साचलेल्या चुन्याचा असतो. काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, तिच्यात मी राख मिसळली होती, आणि त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ हे पाणी ओतत होते. सामू एका अंकाने वाढला म्हणजे विम्लता (अल्कधर्मीपणा) दहा पटींनी वाढते, आणि अशा मातीत लोह असूनही ते अविद्राव्य होऊन मुळांना मिळत नाही. उसावर यालाच शेतकरी केवडा पडला म्हणतात.

यापुढचे सर्व मी घरीच केले, आणि ते पहिल्याच आठवड्यात करता आले असते याचे मला आजही दुःख होते. वाळलेल्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकले, तेव्हा स्पष्ट बुडबुडे आले, म्हणजे मातीत मोकळा चुना होता. नंतर दहा ग्रॅम माती पंचवीस मिलिलिटर शुद्ध पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवली आणि सामू मोजणारी रंगीत पट्टी त्यात बुडवली. शुद्ध पाणी म्हणजे गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी, नळाचे चालत नाही. मातीत खुपसायचे दोन दांड्यांचे स्वस्त मीटर मी घेतले होते. त्याने प्रत्येक कुंडीत सातच दाखवले, त्यावर पैसे खर्च करू नयेत. पेनसारखे मीटर चांगले, मात्र त्यासोबतच्या पुड्यांच्या द्रावणात ते आधी जुळवून घ्यावे लागते.

सर्वांत खात्रीची परीक्षा अर्ध्या पानाची आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून ते एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर संध्याकाळी कापसाने लावायचे आणि उरलेला अर्धा भाग कोरा ठेवायचा. माझ्या पानाचा लावलेला भाग आठव्या दिवशी हिरवा दिसू लागला आणि कोरा भाग पिवळाच राहिला. तो दिवस मी विसरणार नाही. पाच आठवड्यांच्या फेऱ्यांत जे कळले नाही, ते एका पानाने सांगितले होते.

हिराकस मातीत घालू नये. चुनखडीच्या मातीत त्यातील लोह लगेच गंजासारखे होऊन निकामी होते, म्हणून त्याची फवारणीच करावी, तीही ऊन उतरल्यावर. मातीतून द्यायचे असल्यास चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले लोह, घ्यावे, परंतु पाकिटावर ईडीटीए लिहिले आहे की ईडीडीएचए, हे नीट पाहावे. पहिले आपल्यासारख्या विम्ल मातीत टिकत नाही, दुसरे टिकते. ते महाग आहे, पण कुंडीला फारच थोडे लागते. बोअरच्या पाण्यात मी चिमूट चिमूट सायट्रिक ॲसिड टाकून, दर वेळी पट्टीने मोजून, सामू साडेसहाच्या आसपास आणते. प्रमाण प्रत्येकाच्या पाण्यानुसार वेगळे येईल, ते ऐकीव घेऊ नये. पावसाळा सुरू झाल्यापासून गच्चीवरील पिंपात साठवलेले पावसाचे पाणीच देते. कुंडी सतत चिंब ठेवल्यानेही हा पिवळेपणा वाढतो, म्हणून वरची माती सुकल्याशिवाय पाणी देत नाही. राख आणि अंड्याची टरफले अशा मातीत मुळीच घालू नयेत.

नऊ कलमांपैकी सात कलमांना जुलैमध्ये हिरवीगार नवती आली. उरलेल्या दोघांची नवती हिरव्या शिरांची आहे, परंतु पाने अगदी लहान, अरुंद आणि शेंड्याला गुच्छासारखी जमलेली आहेत. ही लक्षणे जस्ताच्या उणिवेची असतात, म्हणून या वेळी कोणत्याही खिडकीवर न जाता काल संध्याकाळी झिंक सल्फेटच्या सौम्य द्रावणाने दोन कोवळी पाने अर्धी रंगवून त्यांच्या देठांना दोरा बांधून ठेवला आहे.