'लोक स्वीकारतील का?' म्हणजे नेमकं कोण?

तिकीटवाटपाच्या बैठकीत एखाद्या बाईचं नाव पुढे आलं की चर्चा तिच्या कामावरून फार लवकर 'इलेक्टिव्ह मेरिट'वर येते. 'आमची काही हरकत नाही हो, पण लोक स्वीकारतील का?' बोलणाऱ्याचा पूर्वग्रह असा परस्पर 'लोकां'च्या खात्यावर जमा होतो. निवडून येण्याची क्षमता जणू उमेदवाराच्या अंगातच असते, असं आपण बोलतो. असतो तो दुसऱ्यांच्या मनाविषयीचा अंदाज. आणि तिकीट नाकारलं की तो अंदाज चूक होता की बरोबर, हे कधी कळतच नाही.

व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव पडतो, यात वाद नाही. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या प्रतिस्पर्ध्यांचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून 'यातलं कोण जास्त सक्षम वाटतं?' एवढंच विचारलं. सुमारे ७० टक्के लढतींत ज्याच्याकडे बोट गेलं तोच जिंकलेला होता. आवाजाचंही तसंच. एकच वाक्य जाड आणि बारीक आवाजात ऐकवलं, तर ऐकणारे जाड आवाजाला मत देतात, उमेदवार बाई असली तरी. मार्गारेट थॅचर यांनी प्रशिक्षण घेऊन आवाज खाली आणला तो काही हौस म्हणून नव्हे.

खरी गोची महत्त्वाकांक्षेपाशी होते. ओकिमोटो आणि ब्रेस्कॉल या संशोधकांनी २०१० मध्ये एका काल्पनिक नेत्याची माहिती वाचायला दिली. मजकूर तोच, फक्त काहींच्या प्रतीत नाव पुरुषाचं, काहींच्या प्रतीत बाईचं. 'सत्तेची आस आहे' असं सूचित केल्यावर पुरुषाचं काही बिघडलं नाही. बाईची पसंती घसरली, आणि ती घसरवण्यात वाचणाऱ्या बायकाही होत्या. म्हणजे ठाम बोलली तर 'आगाऊ', मवाळ बोलली तर 'कणा नाही'. भाषणाचा सराव करून घेणाऱ्यांनी हे आधी ओळखावं: 'जरा आक्रमक व्हा' हा सल्ला दोघांना सारखा लागू पडत नाही. (न्यूझीलंडच्या जेसिंडा आर्डर्न ऑगस्ट २०१७ मध्ये मजूर पक्षाच्या नेत्या झाल्या आणि काही तासांतच त्यांना मुलं होऊ देण्याच्या बेताबद्दल विचारणा झाली. पुरुष नेत्याला असं कोण विचारतं?)

हा पूर्वग्रह दगडावरची रेघ मात्र नाही. पश्चिम बंगालमध्ये गावकऱ्यांना एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं गेलं. जिथे कधी महिला प्रधान (म्हणजे आपल्याकडची सरपंच) नव्हती तिथे पुरुषांनी बाईच्या भाषणाला कमी लेखलं. आरक्षणामुळे महिला प्रधान पाहिलेल्या गावांत ही तफावत जवळजवळ उरली नाही. दोनदा आरक्षण लाभलेल्या ठिकाणी पुढे खुल्या जागेवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि जिंकल्या.

मग पक्षाने अंदाज तपासायचा कसा? सर्वेक्षणात 'महिला उमेदवार चालेल का?' असं थेट विचारू नका. तोंडावर सगळेच हो म्हणतात. एकच परिचय घ्या, फक्त नाव बदला, आणि कुणाला कोणती प्रत जाते ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पुढे दोन वेगळे प्रश्न: 'तुम्ही मत द्याल का?' आणि 'तुमच्या भागातले इतर लोक देतील का?' दुसऱ्याचं उत्तर पहिल्यापेक्षा बरंच खाली आलं, तर अडथळा मतदारांच्या पसंतीपेक्षा एकमेकांविषयीच्या समजुतीत असण्याची शक्यता जास्त. मात्र नमुना पुरेसा हवा. पाच टक्के गुणांचा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण १,६०० माणसं लागतात. दोनशे-दोनशेवर भागवलं तर चूकच दहा गुण इकडेतिकडे असते, आणि नेमके असलेच आकडे बैठकीत फडकवले जातात.

'बायका हरतात' हा जुना हिशेबही एकदा उघडून बघावा. ब्रिटनच्या २००५ च्या निवडणुकीत हुजूर (काँझर्व्हेटिव्ह) पक्षाच्या महिला उमेदवारांना पुरुषांपेक्षा कमी मतं पडली. तपासल्यावर दिसलं की त्यांना जागाच अवघड दिल्या होत्या. म्हणून प्रत्येक पराभूत उमेदवाराच्या नावापुढे, त्या जागेवर पक्ष मागच्या खेपेला किती मतांनी पडला होता, तो आकडा लिहा.