मग काढत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. समुद्रात साडेचार अब्ज टन युरेनियम आहे, मग ते काढत का नाही? आकडा बरोबर आहे. भाषणांत तो मीच मिरवलाय. लिटरमागे ३.३ मायक्रोग्रॅम, हे मात्र मी घाईघाईत उरकायचो. किलोभर हवं तर, एक कणही न निसटता, तीन लाख घनमीटर पाणी गाळावं लागतं. ते पंपाने उपसणं परवडत नाही. प्रवाहात युरेनियम धरणारे धागे सोडायचे आणि वाट बघायची.

‘पण जपान्यांनी काढलं की!’ काढलं. मुत्सू-सेकिनेच्या समुद्रात १९९९ ते २००१ या काळात युरेनियम धरणारं ३५० किलो कापड बुडवलं, एकूण २४० दिवस, तेव्हा यलोकेकच्या, म्हणजे युरेनियमच्या पिवळ्या भुकटीच्या, हिशेबात किलोभर हाती आलं. मी नाही कुठे म्हणतोय?

आमचे धागे पॉलिएथिलीनचे, त्यांवर अमिडॉक्झिमचं कलम, म्हणजे युरेनियम पकडणारे रासायनिक गट. प्रयोगशाळेत आम्ही पाण्यात भरपूर युरेनियम घालायचो. धागे ते गटागटा प्यायचे. मी खूश. समुद्रात मात्र युरेनियम कार्बोनेटच्या मिठीत असतं, सहज सुटत नाही. काही आठवड्यांनी धागे वर काढले तर त्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर. तो धुतला. सौम्य आम्लाने युरेनियम उतरवलं. थोडंच, पण उतरलं. राहिलं व्हॅनेडियम, समुद्रातला दुसरा एक धातू. पाण्यात ते युरेनियमपेक्षाही कमी, पण धाग्याला चिकटतं जास्त आणि सुटायला अजिबात तयार नसतं. तीव्र आम्ल वापरू, मी म्हणालो. आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, “सर, निम्मे धागे बाजूला ठेवूया का?” मला घाई होती. सगळे बुडवले.

व्हॅनेडियम गेलं. अमिडॉक्झिमही गेलं. दुसऱ्या फेरीत धाग्यांनी जवळजवळ काहीच धरलं नाही, आणि तुलनेला एकही धागा उरला नव्हता. अहवालात मी लिहिलं, ‘पुनर्वापरक्षमतेत घट.’ घट! तीव्र आम्लाने ते गट मोडतात हे मला माहीत नव्हतं असंही नाही. इतके मोडतील असं वाटलं नव्हतं, एवढंच. हे मी तिला अजून म्हटलेलं नाही.

आता आम्लाऐवजी बायकार्बोनेटच्या द्रावणाने युरेनियम उतरवतात, धागा बराच शाबूत राहतो. व्हॅनेडियमही बरंचसं तिथेच राहतं. भाषणांतला तो मी अजून म्हणतो, होईल हो, दहा वर्षांत. त्याला खोटं पाडण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढंच विचारतो: कितव्यांदा वापरलेल्या धाग्यावर हिशेब केलास?