आमची वाटचाल : बिबडे, ड्रायर आणि केळीची अट

आमचा बचत गट चोपडा तालुक्यातला. माल एकच, दादर ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड. 'उमेद' या ग्रामीण बचत गटांच्या सरकारी अभियानातून फिरता निधी मिळाला, गच्चीवर खाटा टाकून काम सुरू झालं, पुढचे हंगाम बरे गेले. सांगायचं आहे ते ड्रायरच्या कर्जाचं.

खाटेवरचा माल घरापुरता ठीक. दुकानात द्यायचा तर धूळ, काडी, पाखरांची घाण चालत नाही. शिवाय चैत्रात आभाळ आलं की ओल्या बिबड्यांवर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके. म्हणून सोलर ड्रायर घ्यायचं ठरलं. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, १० टक्के आपले, बाकी बँकेचं कर्ज. फाइल पौषात दिली. शाखेतून उत्तर आलं की योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' अशी अट आहे, जळगाव जिल्ह्याचं उत्पादन केळी, तुमचे पापड बसत नाहीत. ती अट नव्या युनिटला होती, चालू युनिटला नव्हती! अन्न नोंदणी, विक्रीची वही, सगळं जोडलेलं होतं. वाचलं कोणी नाही. योजनेच्या फाइलींना मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीने लेखी खुलासा लावला तेव्हा फाइल हलली, आणि मंजुरी आली आषाढात. बिबड्यांचा हंगाम फाल्गुन ते वैशाख. ड्रायर उतरवला तेव्हा बाहेर पाऊस, आणि हप्ता मात्र सुरू.

त्याच वर्षी बाजारात तांदळाचं पीठ मिसळलेला 'ज्वारी पापड' निम्म्या भावात आला. पांढराशुभ्र, भाजला की फुग्यासारखा फुगतो. दादरचा बिबडा मळकट दिसतो, अंगावर तीळ आणि भरड्याचे दाणे असतात, भाजल्यावर बारीक फोड येतात. गिऱ्हाईक पांढऱ्याला भुललं. दुकानदारांनी ऑर्डरी तोडल्या. भुसावळचे एक किराणावाले भाऊ तेवढे टिकले. दरवर्षी आगाऊ पैसे देतात, वजन पुन्हा करत नाहीत. त्यांच्या पैशांवर आणि बीज भांडवलावर दादर भरली. हे बीज भांडवल याच योजनेतलं, गटातल्या बाईमागे ४०,००० रुपयांपर्यंत, ग्रामसंघामार्फत येतं. ते कच्चा माल आणि छोट्या अवजारांसाठी असतं, ड्रायरच्या हप्त्यात घालू नका.

माल बिघडतो तो बहुतेक तीन ठिकाणी. दादर तीन दिवस भिजते, रोज पाणी बदलायचं. उन्हाळ्यात पाणी बदलायला चुकलं की आंबटपणा चढतो आणि लसणाने झाकत नाही. कोंडा काढून भरडा ओलाच दळायचा, फार बारीक नाही, फार जाड नाही. जाड राहिला तर बिबडा वाळताना तडकतो. घाटा, म्हणजे भरड्याचं शिजवलेलं पीठ, करताना भरड्याच्या दुप्पट आधण, त्यातच लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ. ओलं बोट लावलं की चिकटायला नको आणि कच्चा वास जायला हवा. बिबडे कापडावर थापून वाळवतात, घाटा कच्चा राहिला तर कापडावरून सोडवतानाच तुकडे होतात. कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबडा सुटतो. ओढून काढणारीला आमच्याकडे बोलणी बसतात.

ड्रायरमध्ये ५० ते ६० अंश पुरे. सुरुवातीलाच जास्त तापवला तर वरून कडक, आत ओल. पिशवीत पंधरा दिवसांनी बुरशी येते आणि दोष पॅकिंगला मिळतो. मोडून बघा, कट्‌कन तुटला तर वाळला, वाकला तर परत ट्रेवर. गरम असताना पिशवी बंद केली की आत घाम सुटतो. १० किलो दादरमागे आठ किलोच्या आसपास माल निघतो. भाव त्यावर धरा, मजुरी धरा, स्वतःची सुद्धा. बायका इथेच फसतात.

आणि कर्ज घेणारीला एक गोष्ट कोणी सांगत नाही. अनुदान हातात पडत नाही, बँकेत कर्जखात्याजवळ तीन वर्षं पडून राहतं. हप्ते नियमित गेले, युनिट चालू दिसलं, तरच ते कर्जात वळतं होतं. फाइल दिवाळीआधी द्या, सोबत चालू युनिटचे फोटो आणि विक्रीची वही. केळीचा विषय निघालाच तर लेखी विचारा.