प्लांटेड टँक, जळगाव: शेवाळ खाणारे मासे निवडताना (मार्चअखेरची नोंद)

प्लांटेड टँक म्हणजे खऱ्या पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी. ही टाकी ३ फूट लांब, १५ इंच रुंद, १५ इंच उंच. माती-दगड वजा जाता पाणी साधारण ११० लिटर, लाइट रोज ७ तास. व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पती जोमात आहेत. शेवाळ दोन प्रकारचं आहे. काचेवर आणि खालच्या पानांवर तपकिरी थर, बोटानं पुसला की जातो, हे डायटम. अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडेला मात्र आखूड काळ्या केसांचे झुपके आलेत. नखानं खरवडलं तर पान फाटतं, झुपका तसाच राहतो. हे ब्लॅक बिअर्ड.

दोन्हींना एकच मासा पुरत नाही. आणि खान्देशात त्याआधी बोअरचं पाणी आणि मे महिना बघावा लागतो. इथल्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७५० आहे. निम्मं आरओचं, म्हणजे क्षार काढलेलं पाणी मिसळून टाकीत तो ४०० च्या आसपास ठेवलाय. मे महिन्यात कूलरच्या खोलीतही टाकी सहज ३१-३२ अंशांवर जाते. २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३ च्या आसपास. नेमकी तेव्हाच माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते.

दुकानात शेवाळासाठी मासा मागितला की बहुतेक वेळा सकर हातात पडतो. घेऊ नका. बोटाएवढा सकर दीड फुटाच्या जवळपास वाढतो, झाडं उपटतो, आणि मोठा झाल्यावर शेवाळाकडे फारसं बघत नाही. टाकीत मावेना म्हणून त्याला तापी, गिरणा किंवा वाघूर धरणात सोडणं तर अजिबात नको. तो तिथे तगतो आणि स्थानिक माशांचा घास खातो. ‘अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा सोनेरी, चोषक तोंडाचा मासाही टाळा. मोठेपणी तो एंजल, डिस्कससारख्या पसरट माशांना चिकटून अंगावरचा चिकट थर ओरबाडतो.

डायटमसाठी ओटोसारखा मासा नाही. जेमतेम ४ सेंमी, पानाला धक्का न लावता थर साफ करतो. पण त्याला २२ ते २६ अंश आणि मऊ पाणी लागतं, किमान ६ जणांचा थवा लागतो. बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. विक्रीच्या साखळीतून इथवर येईपर्यंत उपाशी राहतात. पोट आत गेलेला ओटो बहुधा वाचत नाही. म्हणून या टाकीत ओटो नोव्हेंबरपर्यंत नाहीत. आणले की गिलक्याची चकती २ मिनिटं उकळून, थंड करून, काट्यानं तळाशी बुडवायची आणि सकाळी काढायची, नाहीतर पाणी गढूळ होतं.

तोवर डायटमचं काम ५ नेराइट गोगलगायींकडे. जड पाण्यात त्यांचं कवच चांगलं राहतं. लाकडावर पांढरे ठिपके घालतात, पण ती अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत.

ब्लॅक बिअर्ड खाणारा भरवशाचा मासा म्हणजे खरा सयामीज अल्गी ईटर. ओळख नीट करा. काळा पट्टा तोंडापासून निघून शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जातो, कडा किंचित दातेरी, बाकी पंख पारदर्शक. पट्टा शेपटीच्या मुळाशी थांबत असेल तर मासा दुसराच. पट्ट्यावर सोनेरी रेघ आणि पंखांना काळी-पांढरी किनार असेल तर तो फ्लाइंग फॉक्स, भांडखोर. इथे ३-४ सेंमीची ३ पिल्लंच सोडायची. ती १४-१५ सेंमी होतात आणि मोठी झाली की शेवाळापेक्षा दाण्यावर जास्त धावतात, म्हणून दाणा आत्तापासूनच हात राखून.

मात्र जुना, कडक झुपका पिल्लंही टाळतात. मासे आणि गोगलगायी सोडण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा: फिल्टर बंद, ३ टक्क्यांचं १० लिटरला २ मिली, म्हणजे इथे एका वेळी २२ मिलीपेक्षा जास्त नाही. सिरिंजनं थेट झुपक्यावर सोडा, १० मिनिटांनी फिल्टर चालू. मेडिकलमध्ये बरेचदा ६ टक्क्यांची बाटली मिळते, लेबल वाचा आणि निम्मं घ्या. दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी पडतात, मग पिल्लं आवडीनं खातात. लिक्विड कार्बन नावाचं टाकीत घालायचं द्रावण नको, त्यानं व्हॅलिसनेरिया विरघळते.

उन्हाळ्यासाठी १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटर पंखे, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे. आपल्या कोरड्या हवेत ३-४ अंश उतरतात. जूनमध्ये दमटपणा आला की हा फायदा घटतो. पातळी १ सेंमी उतरली म्हणजे साधारण साडेतीन लिटर पाणी उडालं. ती भर फक्त आरओनं घाला, कारण क्षार उडत नाहीत. बोअरचं घातलं तर टीडीएस चढत जातो. पंख्यासाठी झाकण काढावं लागतं आणि हे मासे उड्या मारतात, तेव्हा वर मच्छरदाणीची जाळी ताणून क्लिपा लावा. लाइट गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर हवा. ३१ अंशांच्या टाकीत आधी तोच लागतो, पंखे नंतर.