चार जन्मांची कादंबरी: आधी वयांचा हिशेब

पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या दोघांचे चारही जन्म मी सोलापुरातच ठेवले. गाव एकच राहिलं की बदललेलं सगळं काळामुळे बदललंय, हे वेगळं सांगावं लागत नाही. काळ निवडले ते सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचं बारावं शतक, 1877 चा दुष्काळ, मे 1930 चा मार्शल लॉ (लष्करी अंमल) आणि आजचा.

प्रसंग सुचण्याआधी सनावळी मांडावी, कारण अशी कथा पहिल्यांदा फसते ती वयांत. दुसऱ्या जन्मात तो 1878 मध्ये दुष्काळात गेला, ती 1902 पर्यंत जगली. लगेच पुनर्जन्म द्यावा तर 1930 मध्ये तो 52 चा आणि ती 28 ची. मध्ये ठरावीक 32 वर्षं ठेवली तर तो 1910 मध्ये जन्मतो आणि 1930 ला विशीत बसतो, पण ती जन्मते 1934 ला! शेवटी नियम केला की मागे राहिलेलं माणूस गेल्यावर आठ वर्षांनी दोघंही जन्मतात. 1902 नंतर आठ वर्षांनी 1910, काम झालं. नियम पुस्तकात कुठेच सांगितलेला नाही, पण मोडलेलाही नाही. बाराव्या शतकापासून 1877 पर्यंतच्या जन्मांत भेट झाली नाही, एवढ्या एका वाक्यावर वाचक समाधानी असतो.

भेटीची जागा आयती मिळाली, संक्रांतीला भरणारी सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. त्यांच्या योगदंडाशी, म्हणजे काठीशी, आख्यायिकेतल्या कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह दरवर्षी संमती कट्ट्यावर अक्षता टाकून लागतो. लग्नच जिथे दरसाल नव्याने लागतं तिथे या दोघांची गाठ पडली तर कुणाला खटकत नाही. मात्र पहिल्या जन्माची नायिका म्हणून कुंभारकन्याच घेऊ नये. ती श्रद्धेची जागा आहे, तिथे कादंबरीने हात घालू नये असं माझं मत. माझी नायिका सिद्धरामेश्वरांचं तळं खोदणाऱ्या मजुरांतली आहे.

तारखेला जपावं लागतं. संक्रांत म्हणजे 14 जानेवारी असं आपण धरून चालतो, पण 1863 मध्ये ती 12 जानेवारीला होती आणि बाराव्या शतकात, ज्युलियन दिनदर्शिकेने, डिसेंबरच्या अखेरीस यायची. जुन्या जन्मांत नुसतं ‘संक्रांत’ लिहावं.

ताटाचंही तसंच. शेंगाचटणीशिवाय सोलापूर दाखवणं जिवावर येतं, पण भुईमूग आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून, पोर्तुगीजांनंतर आलेली. पहिल्या जन्मात ज्वारीची भाकरी चालते, तिच्यासोबत जवस किंवा तिळाची चटणी, तिखटाला मिरे. संवादातून बाजार, जमीन, शिपाई, चावी हे शब्दही काढावे लागतात. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, तेव्हा ही माणसंही बहुधा कन्नडच बोलत असणार. फारसी-पोर्तुगीज शब्द गाळलेली साधी मराठी त्याची जागा घेऊ शकते.

1930 च्या भागात तो मिलच्या साचेखात्यात (कापड विणायच्या), ती रीळ खात्यात (सूत गुंडाळायच्या). खाती वेगळी, म्हणून भेट पाळी सुटताना फाटकाशीच. मार्शल लॉमध्ये गांधी टोपीवर बंदी होती. त्या दिवसांत त्याच्या डोक्यावर टोपी दिलीत की प्रसंग अटकेचा होतो, प्रेमाचा राहत नाही.

ओळखीची खूण म्हणून अंगावरचा तीळ किंवा व्रण नको, वाचक पहिल्या पानावरच पकडतो. सवय द्यावी. माझी नायिका गाठ मारली की उरलेलं टोक दातानं तोडते. तळ्यावर दोरीचं, मिलमध्ये सुताचं. पहिल्या जन्मात ही सवय दोनदा, दुसऱ्याच कामाच्या ओघात, दिसली पाहिजे. ओळख पटायला दर जन्मी सारखीच पानं लागली तर तिसऱ्या जन्मात वाचक कंटाळतो. म्हणून दुसऱ्या जन्मात सव्वाशे पानं, तिसऱ्यात चाळीस, चौथ्यात जेमतेम तीन. पूर्वजन्मीची आठवण दर जन्मात एकच, आणि तीही वाचकाने आधी न पाहिलेल्या प्रसंगाची. जे पान तो वाचून आलाय तेच त्याला परत वाढलं की तो पानं उलटायला लागतो.