बँकेचं ॲप अखेर उघडलं, आणि गुन्हेगार मॅजिस्क नव्हताच

मंडळी, काल रात्री पावणेबाराला बँकेचं ॲप उघडलं. रूट चालू (मॅजिस्क नावाच्या टूलने फोनचा पूर्ण ताबा घेतलाय), बूटलोडर (फोन सुरू करणारा, एरवी कुलूपबंद असलेला प्रोग्राम) उघडा, मॅजिस्कला जोडलेली सहाच्या सहा मॉड्यूल जागेवर, असल्या फोनवर बँकेची ॲप सहसा चालत नाहीत, आणि तरी समोर चक्क बॅलन्स दिसतोय. बॅलन्स बघण्यासारखा नाही ही गोष्ट वेगळी, पण मी दोन मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. बायको म्हणाली, झोप आता.

मागच्या अपडेटमध्ये कुठे होतो ते थोडक्यात सांगतो. पिक्सेल ६ए, स्टॉक रॉम (कंपनीचीच मूळ सिस्टीम), मॅजिस्क, झिगिस्क (मॅजिस्कचा ॲपमध्ये शिरणारा भाग) चालू, रूट लपवायला शामिको टाकलंय म्हणून डिनायलिस्टचं (ज्या ॲपपासून रूट लपवायचं त्यांच्या यादीचं) एन्फोर्स बंद, मॅजिस्क ॲपचं नाव बदललेलं. मे २०२५ नंतर अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर गूगलवाले इंटिग्रिटी (फोनशी छेडछाड झालीय का याची तपासणी, पायऱ्या तीन: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग) डिव्हाइस पायरीलाही हार्डवेअरवरून तपासायला लागले तेव्हा आपल्या सगळ्यांचं जे झालं तेच माझंही झालं, बेसिक हिरवं आणि बाकी दोन लाल. मग फिंगरप्रिंट (फोन स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) बदलून डिव्हाइस हिरवं करून घेतलं. घरी हे सांगितलं तर बायकोला वाटलं मी अंगठा बदलतोय, असो. दोन्ही यूपीआय ॲप त्याच दिवशी सुरळीत झाली. राहिलं फक्त बँकेचं स्वतःचं ॲप. लोगो येतो, तीन सेकंद गोल फिरतं, "आपले डिव्हाइस सुरक्षित नाही" आणि धाडकन बंद. एफडी, चेकबुक, स्टेटमेंट सगळं त्यातच, त्यामुळे सोडूनही देता येईना.

स्ट्राँग हिरवं करायच्या फंदात मी पडलो नाही, आणि पडू नका असंच सांगेन. टेलिग्रामवर कीबॉक्स विकणारे बसलेत, पण ती कुठल्यातरी कंपनीच्या फोनची फुटलेली किल्ली असते, आज चालते, रद्द झालेल्यांच्या यादीत गेली की तुमचे पैसे पाण्यात. शिवाय असल्या माणसाकडून आणलेली फाइल रूट असलेल्या फोनमध्ये टाकायची आणि त्याच फोनवर बँक उघडायची? नको रे बाबा.

तर तीन आठवडे काय केलं ते ऐका. आधी मॉड्यूल अर्धी अर्धी करून बंद केली, तीन बंद तीन चालू, मग उलट, दरवेळी रीस्टार्ट, दरवेळी ॲपचा डेटा साफ. काही नाही. फोनच्या स्टोरेजमध्ये जुन्या फोनच्या बॅकअपमधून आलेला टीडब्ल्यूआरपी (रूटवाले वापरतात ते रिकव्हरी टूल) नावाचा रिकामा फोल्डर सापडला, काही ॲप असले फोल्डरसुद्धा बघतात म्हणून मोठ्या आशेने उडवला. काही नाही. लॉगकॅट (फोनच्या आतल्या नोंदी दाखवणारं टूल) लावून लॅपटॉपवर हजारो ओळी बघितल्या, ॲप बंद व्हायच्या आधी नेमकं काय विचारतं ते शोधत होतो, पण कोड असा गुंडाळलेला की ए.बी.सी. असल्या नावांपलीकडे हाती काही लागेना.

मधे एक फजिती झाली. एका रात्री वैतागून सगळ्याच पैशांच्या ॲपचा डेटा साफ केला आणि झोपलो. सकाळी मुलुंड स्टेशनबाहेर दोन वडापाव घेतले, एक अर्धा खाऊन झाल्यावर कोड स्कॅन करायला गेलो तर ॲप म्हणतंय पुन्हा रजिस्टर करा. सिममधून एसएमएस जातो ना, तो जाईचना, गोल फिरतंय फिरतंय, मागे चार माणसं उभी, आणि गाडीवरचा तो स्पीकर गप्प. "दादा, पैसे नाय आले." खिशात रोख शून्य. शेवटी तोच म्हणाला, उद्या द्या. ८:५२ची लोकल पण गेली. वर पुन्हा रजिस्टर केल्यावर पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा लागली, नेमकं सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं होतं, ते बायकोच्या फोनवरून गेलं आणि त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. डेटा साफ करायचा तर ज्याचा त्रास आहे त्याच ॲपचा करा, एवढं माझ्याकडून घ्या.

मग शनिवारी ठरवलं की मुळापासून बघू. मॅजिस्कच काढून टाकायचं, स्टॉक बूट इमेज (फोन सुरू करणारी मूळ फाइल) फ्लॅश करायची, आणि ॲप उघडतं का बघायचं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं हे मला माहितीये, कोणी सांगू नका. त्यात फास्टबूटला (लॅपटॉपवरून फ्लॅश करायच्या टूलला) फोनच दिसेना. हाताशी होती ती केबल फक्त चार्जिंगची निघाली, तीसुद्धा चांगली जाड, विणलेली, साडेतीनशेची! ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून दीडशेची साधी पांढरी डेटा केबल आणली, दुकानदाराने स्वतःच्या लॅपटॉपला लावून दाखवली तेव्हाच पैसे दिले. घरी येऊन मागच्या बाजूच्या यूएसबी २ पोर्टला लावली, सेकंदभरात फ्लॅश. दिसायला भारी केबलवरचा माझा विश्वास संपला.

आणि आता गंमत. रूट नाही, मॉड्यूल नाही, काहीच नाही, स्टॉक फोन, फक्त बूटलोडर उघडा. बँकेचं ॲप तरीही बंद!

म्हणजे तीन आठवडे मी जे लपवत होतो त्याच्याशी याचा संबंधच नव्हता. आता उरला बूटलोडर. तो उघडा आहे हे 'की अटेस्टेशन'मध्ये (फोनचं हार्डवेअर देतं त्या दाखल्यात) स्वच्छ लिहिलेलं असतं, टीईईमधून (प्रोसेसरच्या वेगळ्या सुरक्षित भागातून) सही होऊन येतं, म्हणजे माझ्या डोक्यात खटला संपलाच. मन खट्टू झालं. ठरवलं की बॅकअप घेऊ, पूर्ण स्टॉक फ्लॅश करू, बूटलोडर लॉक करू आणि हा धंदा बंद. लॉक करताना सगळा डेटा जातो, त्यामुळे रविवारी दिवसभर फोटो लॅपटॉपवर ओढले. रात्री काम झालं, केबल काढली आणि सवयीने डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायची सोय) बंद केलं. का केलं माहीत नाही, दिवे मालवतो तसं. मग शेवटचं म्हणून ॲपवर बोट ठेवलं.

उघडलं.

पुन्हा डीबगिंग चालू केलं, ॲप बंद. बंद केलं, ॲप चालू. पाच वेळा केलं. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असली तरी त्याची हरकत नाही, फक्त यूएसबी डीबगिंग. मग मॅजिस्क परत टाकलं, मॉड्यूल परत, शामिको परत, आणि काल रात्री पावणेबारा.

सरळ आहे बघा. आधी ॲप इंटिग्रिटीमुळे बंद पडतंय असं मला वाटलं; खरं कारण काय होतं कोण जाणे, कारण रविवारी मॉड्यूल नसतानाही ते उघडलं. ते का पडतंय बघायला मी लॉगकॅटसाठी डीबगिंग चालू केलं. इंटिग्रिटी दुरुस्त झाली, पण तोवर डीबगिंग चालू राहिलं होतं, आणि पुढचे तीन आठवडे मी लॉग बघत होतो म्हणून ॲप बंद पडत होतं आणि ॲप बंद पडत होतं म्हणून लॉग बघत होतो. यावर हसून घ्या, मीही हसलो, थोड्या वेळाने.

काहींना वाटतं डेव्हलपर ऑप्शन्स बंद केली तर बूटलोडर लॉक होईल की काय. नाही होत. ओईएम अनलॉकिंगला (बूटलोडर उघडू द्यायच्या बटणाला) मात्र हात लावू नका, माझ्या फोनवर ते करडंच दिसतं, तसंच राहू दे.

केर्नलएसयूवर (मॅजिस्कसारख्याच दुसऱ्या रूट टूलवर) जायचा बेत मागच्या वेळी जाहीर केला होता, तो आता रद्द. चालू गाडीचं चाक कशाला काढा. आणि मॅजिस्कवर या महिन्याचं ओटीए (सिस्टीमचं अपडेट) पण सुखरूप गेलं: रिस्टोअर इमेजेस, अपडेट, रीस्टार्ट न करता इनॲक्टिव्ह स्लॉटमध्ये (सिस्टीमच्या दुसऱ्या प्रतीत) मॅजिस्क इन्स्टॉल, मग रीस्टार्ट. पहिल्या फटक्यात, रूट जागेवर. याचा आनंद वेगळाच.

मात्र एडीबी (डीबगिंगवर चालणारं लॅपटॉपचं टूल) मला रोज लागतं, दरवेळी सेटिंग्जमध्ये जाऊन चालू-बंद कोण करणार. हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की रूट आहे तर स्क्रिप्टनेच का नको, सेटिंग्जच्या ग्लोबल टेबलमध्ये एडीबी_एनेबल्ड शून्य करायचं, बास. थांबा, करून बघतो.

केलं. टर्मक्समधून (फोनवर कमांड टाइप करायच्या ॲपमधून) ओळ मारली, लॅपटॉपने टुंग करून एडीबी तुटल्याचं कळवलं, ॲप उघडलं आणि... बंद! कारण आधीचं ॲप मागे जिवंत होतं. त्याआधी एक फोर्स-स्टॉप घातला, आता बरोबर उघडतंय. मॅक्रोड्रॉइडने आपोआप करायचा विचार होता, पण त्याला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली तर बँक त्यावरूनही कुरकुर करेल अशी शंका येते, म्हणून टर्मक्स विजेटने होमस्क्रीनवर शॉर्टकट ठेवतोय: दाबलं की डीबगिंग बंद, ॲप मारून पुन्हा चालू. दुसरा शॉर्टकट डीबगिंग परत लावायला.

वडापाववाल्याचे ४० रुपये दुसऱ्याच दिवशी दिले होते. रोख.